वडिलांचं वय ही तुमची तारीख नव्हे

पत्र (थोडं संक्षेपात)

ताई, येत्या मार्चमध्ये मला 60 पूर्ण होतील. एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालो. वडील 61व्या वर्षी गेले. थोरले भाऊ, आमचे दादा, तीन वर्षांपूर्वी 60व्या वर्षी रात्री झोपले ते सकाळी उठलेच नाहीत. एका चुलत्यांचंही असंच झालं. या घरातले पुरुष साठी ओलांडत नाहीत असं गावात बोलतात. दादांचा मुलगा पुण्यात असतो, 34 वर्षांचा आहे. एका किड्याचं एक जीन बदललं की तो दुप्पट जगतो, असा व्हिडिओ त्याने मला पाठवला. म्हणजे आयुष्य जीनमध्येच लिहिलेलं असतं, असं मी समजलो. तोच मला दरमहा साडेतीन हजारांच्या रेझ्वेराट्रॉलच्या कॅप्सूल पाठवतो. “काका, एकही चुकवू नका” म्हणतो. उपाशी राहिलं की आयुष्य वाढतं असंही त्या व्हिडिओत होतं, म्हणून चार महिने रात्रीचं जेवण सोडलंय. वजन 9 किलो उतरलं. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. घरात हिला यातलं काही सांगितलेलं नाही. एफडीवर तिचं नाव लावून घेतलं, कपाटातली कागदपत्रं फाइलला लावली. रात्री दोन-अडीचला जाग येते, मग झोप लागत नाही. तुम्ही पूर्वी या किड्यांवर काम करत होतात असं वाचलं. खरं काय ते सांगा.

— एक भाऊ, कराड तालुका

उत्तर

भाऊ, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एफडीच्या ओळीपाशी थांबले. तुम्ही चार महिने एकटेच निरोपाची तयारी करताय. म्हणून उत्तर आधी सांगते. तुमचे वडील ज्या वयात गेले ती तुमची तारीख नव्हे. हे तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही. ज्या किड्याने तुम्हाला घाबरवलं त्याच्याच जोरावर म्हणते, कारण त्याचे मृत्यू मोजण्यात माझी काही वर्षं गेली आहेत.

त्या किड्याचं नाव सी. एलेगन्स. तुमच्या भागात टोमॅटोच्या किंवा डाळिंबाच्या मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी शेतकऱ्यांना चांगले माहीत असतात. हा त्यांचाच दूरचा भाऊबंद, पण निरुपद्रवी. कुजक्या फळांत राहतो आणि जिवाणू खातो. लांबी 1 मिलिमीटर, शरीर काचेसारखं पारदर्शक, पूर्ण वाढलेल्या कृमीच्या शरीरात प्रजननपेशी सोडून मोजून 959 पेशी. ब्रिटनमधल्या केंब्रिजला सिडनी ब्रेनर यांनी 1960च्या दशकात त्याला प्रयोगशाळेत आणलं, आणि आज मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही त्याच्यावर काम चालतं. म्हातारपणाचा अभ्यास करणाऱ्यांना तो सोयीचा, कारण त्याचं सगळं आयुष्य दोन-तीन आठवड्यांत उरकतं.

आमचं काम असं असे. काचेच्या छोट्या बशीत आगरचा थर, त्यावर जिवाणूंचा पातळ साय धरावी तसा पट्टा, आणि त्यावर कृमी. तापमान 20 अंश. अंडी घालण्याच्या दिवसांत त्यांना दर दिवसाआड नव्या बशीत हलवायचं, नाहीतर पोरं आणि आईबाप ओळखू येत नाहीत. मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेकाला प्लॅटिनमच्या तारेने डोक्यापाशी हलकेच स्पर्श करायचा. हलला तर जिवंत. नाहीच हलला तर वहीत एक रेघ.

त्या वहीतलंच मला तुम्हाला सांगायचंय. हे कृमी बहुतेक उभयलिंगी असतात, स्वतःच स्वतःचं बीज फळवतात. त्यामुळे एका बशीतले सगळे जनुकांच्या दृष्टीने एकसारख्या जुळ्या भावंडांहून वेगळे नसतात. अन्न, तापमान, जागा, सगळं एकच. तरी एक दहाव्या दिवशी थांबतो आणि त्याच्याच शेजारचा पंचविसाव्या दिवशीही तारेला मान वळवून उत्तर देतो. पहिल्यांदा मला वाटलं माझ्याच हातून काही चुकतंय. नंतर कळलं की जगातल्या प्रत्येक प्रयोगशाळेत हेच दिसतं. एकाच्या स्नायूंची झीज लवकर होते, दुसऱ्याची उशिरा, आणि त्यामागे जनुकांचा फरक नसतो. सगळी जनुकं सारखी असूनही दोघांच्या आयुष्यात अडीच पटींचं अंतर पडू शकतं. तुमची आणि दादांची जनुकं तर सरासरी निम्मीच सारखी.

आता व्हिडिओकडे. त्यातली मूळ गोष्ट खरी आहे आणि ती नीट कळली तर भीती कमी होईल.

1983 साली मायकेल क्लास यांनी हजारो कृमी चाळून जास्त जगणारे काही वेगळे काढले. हे पोटभर खात नसावेत, म्हणून जास्त जगतात, असं त्यांना वाटलं आणि त्यांनी विषय सोडला. ते कृमी टॉम जॉन्सन यांच्याकडे गेले. 1988 साली जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्याने दाखवलं की फरक एका जनुकाचा आहे. त्याचं नाव एज-1. एका जनुकाने आयुष्य वाढू शकतं यावर तेव्हा फारसा कुणाचा विश्वास नव्हता. यंत्र झिजतं तसं शरीर झिजणार, त्यात जनुक काय करणार, असंच बहुतेक मानत. मग 1993 साली कॅलिफोर्नियात सिंथिया केनयन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी डाफ-2 या जनुकात बिघाड असलेले कृमी पाहिले. ते दुपटीहून जास्त जगले, आणि बाकीचे मरून पडत असताना हे बशीत फिरत होते. त्यांनी हेही दाखवलं की डाफ-16 नावाचं दुसरं जनुक शाबूत नसेल तर ही वाढ मिळत नाही.

ही जनुकं नेमकी काय करतात हे पुढच्या चार वर्षांत उलगडलं, आणि त्यात गॅरी रुवकुन यांच्या प्रयोगशाळेचा वाटा मोठा. डाफ-2 हा पेशीच्या दारावरचा ग्राही, म्हणजे बाहेरची बातमी झेलणारा रेणू निघाला, आपल्या इन्सुलिनच्या ग्राहीचा सख्खा नातलग. एज-1 त्याच साखळीतली पुढची कडी. आणि डाफ-16 हा पेशीच्या केंद्रकात जाऊन दुरुस्तीची, बचावाची शेकडो जनुकं चालू करणारा कारभारी. अन्न भरपूर आहे अशी बातमी दारावर आली की कारभाऱ्याला बाहेर थांबवलं जातं, वाढा आणि पिल्लं घाला असा हुकूम सुटतो. बातमी मंद झाली की कारभारी आत शिरतो आणि डागडुजी सुरू होते. अन्न संपलं, गर्दी झाली, की कृमीची अळी तोंड मिटून ‘डावर’ नावाच्या अवस्थेत जाते. महिनोन् महिने तशीच वाट पाहते, आणि अन्न मिळालं की जणू मधला काळ गेलाच नाही अशी पुढचं आयुष्य सुरू करते. ‘डाफ’ हे नावच डावरवरून पडलंय.

म्हणजे ज्याला तुम्ही आयुष्याची तारीख लिहिलेलं जनुक समजलात, ते खरं म्हणजे अन्नाची बातमी आत पोचवणारं जनुक आहे. तारीख त्यात कुठेच नाही. म्हातारपण हे ठरलेल्या घटकेला वाजणारं घड्याळ नसून परिस्थितीप्रमाणे वेग बदलणारी चाल आहे, हा 1993च्या शोधाचा अर्थ. व्हिडिओवरून तुम्ही ‘जीनमध्ये लिहिलंय’ असं काढलंत, ते पार उलटं आहे. 2002 साली केनयन यांच्याच प्रयोगशाळेत असंही दिसलं की डाफ-2ची बातमी कृमी प्रौढ झाल्यावर मंद केली तरी आयुष्य वाढतं. लहानपणी जे चाललं त्याने सगळं कायमचं ठरून जात नाही.

आणि या जास्त आयुष्याची किंमत व्हिडिओत आली नसणार. 2000 साली एका प्रयोगात एज-1चे दीर्घायुषी कृमी आणि साधे कृमी एकत्र वाढवले. अन्न भरपूर होतं तोवर दोन्ही बरोबरीने टिकले. मध्ये मध्ये उपासमार घडवली, तेव्हा थोड्याच पिढ्यांत दीर्घायुषी जवळजवळ दिसेनासे झाले. निसर्गात हे बदल पसरलेले का नाहीत, याचं उत्तर त्या बश्यांत आहे. उंदरांतही तसंच. वाढीचं संप्रेरक न बनणारे एम्स जातीचे बुटके उंदीर साध्या उंदरांपेक्षा दीडपट किंवा जास्तही जगतात, हे 1996 साली दाखवलं गेलं. पण ते ठेंगणे असतात, आणि त्यांच्या माद्यांना पिल्लं होत नाहीत. दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोर देशात अशाच साखळीतला जन्मजात बदल असलेली सुमारे शंभर माणसं आहेत. त्यांची उंची फार कमी. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांच्यात मधुमेह आढळला नाही आणि कर्करोग जवळजवळ नव्हताच. तरीही ती आपल्या नातेवाइकांपेक्षा जास्त जगत नव्हती. अपघात आणि इतर कारणांनी जात होती. एका जनुकाने माणूस दुप्पट जगल्याचं उदाहरण कुठेही नाही.

मग माणसाच्या आयुष्यात वारशाचा वाटा किती? 1870 ते 1900 या काळात डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या जुळ्यांच्या अभ्यासात तो साधारण पाव निघाला. 2018 साली कोट्यवधी लोकांच्या वंशावळी तपासल्या, तेव्हा तो 10 टक्क्यांच्याही आत आला. त्या अभ्यासात रक्ताचं नातं नसलेल्या मेहुण्या-भावजयांचीही आयुष्यं थोडी जुळताना दिसली. या आकड्यावर शास्त्रज्ञांत वाद आहे आणि काही जण तो बराच जास्त धरतात. पण कुणीही तो ‘सगळं’ असा धरत नाही. कृमीच्या डाफ-16चा माणसातला नातलग फॉक्सओ-3. 2008 साली हवाईतल्या जपानी वंशाच्या पुरुषांत त्याचा एक प्रकार पंच्याण्णवी ओलांडलेल्यांत जास्त सापडला. तो असला तर शक्यता थोडी वाढते, नसला तर काहीही ठरत नाही. त्यासाठी पैसे घालून जनुक-तपासणी करू नका.

कॅप्सूलबद्दल. रेझ्वेराट्रॉल हे द्राक्षाच्या सालीत असतं. 2003 साली यीस्टचं आयुष्य त्याने वाढतं असा शोध गाजला. 2006 साली फार तुपट खाणाऱ्या लठ्ठ उंदरांनाही त्याचा फायदा दिसला. 2008 साली एका बड्या औषध कंपनीने हे काम करणारी छोटी कंपनी 720 दशलक्ष डॉलरला विकत घेतली आणि 2013 साली ती बंदही केली. मधल्या काळात इतर प्रयोगशाळांना यीस्टमधला परिणाम मिळाला नाही. साधं अन्न खाणाऱ्या उंदरांचं आयुष्य वाढलं नाही. आणि रेझ्वेराट्रॉल ज्या जनुकामार्फत काम करतं असं धरलं होतं, ते जास्त चालवलं की कृमी आणि चिलटं जास्त जगतात हा दावाही 2011 साली गळाला. जनुकांची पार्श्वभूमी नीट जुळवून घेतल्यावर ती वाढ नाहीशी झाली. साडेतीन हजार रुपये महिना म्हणजे वर्षाला 42,000. बंद करा.

रात्रीचं जेवण मात्र आजपासून सुरू करा. उद्यापासून नको, आजच. कमी खाण्याने उंदीर जास्त जगतात हे 1935 सालापासून माहीत आहे, पण सगळे उंदीर नव्हेत. 2010 सालच्या एका अभ्यासात उंदरांच्या 41 वेगवेगळ्या वाणांना 40 टक्के कमी खाऊ घातलं. थोड्यांचं आयुष्य वाढलं, आणि त्याहून जास्त वाणांचं कमी झालं. 2024 साली 960 उंदरांच्या अभ्यासात कमी खाण्याने सरासरी आयुष्य वाढलं खरं. पण त्यातही जास्त जगले ते कमी खाऊनही वजन टिकवून धरणारे. भराभर वजन उतरलेले मागे पडले. आपलं शरीर कुठल्या वाणाचं, हे तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही नाही. साठीच्या उंबरठ्यावर चार महिन्यांत 9 किलो जातात तेव्हा चरबीबरोबर मांडीचे, पाठीचे स्नायूही जातात. पुढे पडण्यापासून वाचवणारे तेच असतात. भाकरी, वरण, अंडं चालत असेल तर अंडं, आणि ताक, असं पोटभर जेवा. आणि अंधारी येते हे डॉक्टरांना याच आठवड्यात सांगा.

एक गोष्ट सांगते, तिचा औषध म्हणून उपयोग करायचा नाही हे आधीच बजावून. 1964 साली एक कॅनेडियन मोहीम पॅसिफिक महासागरातल्या रापा नुई बेटावर गेली आणि तिथली माती घेऊन आली. त्या मातीतल्या एका जिवाणूपासून माँट्रियलमध्ये सुरेंद्रनाथ सेहगल यांनी एक द्रव्य वेगळं केलं. बेटावरून त्याचं नाव पडलं रापामायसिन. सेहगल फाळणीपूर्व पंजाबात जन्मलेले, बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेले. 1980च्या दशकात कंपनीने ती प्रयोगशाळा बंद केली, तेव्हा त्यांनी तो जिवाणू घरी आणून फ्रीझरमध्ये जपून ठेवला. त्यातूनच पुढे 1999 साली मूत्रपिंडरोपणातलं औषध झालं. आणि 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अमेरिकेत तीन ठिकाणी एकाच वेळी ते उंदरांना दिलं गेलं होतं. औषध खाण्यात टिकावं असं आवरण त्याला द्यायला वेळ लागला. त्यामुळे प्रयोग सुरू झाला तेव्हा उंदीर 600 दिवसांचे झालेले होते, माणसाच्या हिशेबात साधारण साठीचे. आता उशीर झाला असं कुणालाही वाटलं असतं. तरी माद्यांच्या आयुष्याची कमाल मर्यादा 14 टक्क्यांनी आणि नरांची 9 टक्क्यांनी वाढली. हे औषध रोगप्रतिकारशक्ती दाबतं, साखर आणि कोलेस्टेरॉल वाढवू शकतं, म्हणून त्याच्या वाटेला जाऊ नका. सांगितलं ते फक्त त्या 600 दिवसांसाठी. साठीला आलेल्या शरीरातही चाल बदलण्याची जागा उरलेली असते.

आता तुमच्या घराचा खरा प्रश्न. तीन पुरुष साठीच्या आसपास गेले, त्यातले दादा झोपेत. ऐकून माझ्या मनात वार्धक्याचं जनुक येत नाही, हृदय येतं. हृदयविकाराकडे झुकवणारा वारसा ही वेगळी गोष्ट आहे. तिच्यात जनुकांचा हात खरोखर असू शकतो, पण ती तपासता येते आणि तिच्यावर साधी, स्वस्त, वर्षानुवर्षं वापरातली औषधं आहेत. तुमच्या वडिलांच्या काळी ती गावापर्यंत पोचलेली नव्हती. 52 देशांतल्या एका मोठ्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला हृदयविकाराचा झटका सरासरी 53व्या वर्षी आलेला दिसला, बाकीच्यांना जवळजवळ 59व्या. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक वर्षानुवर्षं दाखवत आलेत की आपली माणसं दिसायला सडसडीत असली तरी पोटाच्या आत चरबी बाळगून असतात, आणि इन्सुलिनची गडबड तिथून सुरू होते. कृमीतली साखळी आणि आपली साखळी इथे येऊन मिळते.

तेव्हा साडेतीन हजारांची पुढची पाकिटं येऊ देण्याऐवजी एका चांगल्या एम.डी. मेडिसिन डॉक्टरांकडे जा आणि पहिल्याच वाक्यात सांगा: वडील 61, भाऊ 60, चुलते तसेच. हे वाक्य ऐकल्यावर तुमची तपासणी वेगळ्या नजरेने होईल. रक्तदाब, तीन महिन्यांची सरासरी साखर, कोलेस्टेरॉल, मूत्रपिंडाची तपासणी, ईसीजी. लायपोप्रोटीन-ए या रक्तातल्या चरबीवाहक कणाची एक तपासणी आहे, तीही विचारा. ते जवळजवळ पूर्णपणे वारशाने येतं, आहाराने फारसं बदलत नाही आणि बहुतेकांना आयुष्यात एकदा तपासलं की पुरतं. स्ट्रेस टेस्ट करायची की आणखी काही, ते डॉक्टर ठरवतील. दादांचे जुने रिपोर्ट घरात असतील तर तेही न्या. आणि छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, अवचित घाम असं काही झालं तर सकाळची वाट पाहू नका.

घरी सांगा, भाऊ. एफडीवर त्यांचं नाव लावलंत ते उत्तमच केलंत. पण चार महिने तुम्ही रात्री जेवत नाही आणि अडीचला उठून बसता, हे त्यांना दिसत नसेल असं मला वाटत नाही. त्यांनी आपल्या मनात काहीतरी धरलं असेल, आणि ते बहुधा खऱ्याहून वाईट असेल. फाइल उघडून त्यांच्यासमोर ठेवा, कशाचं काय ते समजावून सांगा, आणि आपल्याला कसली भीती वाटते तेही सांगा. तपासणीला त्यांना बरोबर न्या.

आणि पुतण्याला फोन करा. कॅप्सूल बंद केल्या हे सांगताना त्याच्यावर रागावू नका. 34 वर्षांचा मुलगा दर महिन्याला काकाला औषध पाठवतो, एकही चुकवू नका म्हणतो. हा व्हिडिओ त्याने तुमच्या आधी, एकट्याने, किती रात्री पाहिला असेल याचा विचार करा. दादा त्याचे वडील होते. तुम्हाला सांगितलेल्या सगळ्या तपासण्या त्यालाही लागू आहेत, आणि त्याच्याकडे अजून बराच वेळ आहे. त्याला पुण्याहून बोलावून घ्या आणि एकाच दिवशी तिघं मिळून जा.